धूप थेंबापासून सुरू होते



जमिनीची धूप करणारे चार घटक आहेत : पाणी, वारा, बर्फ आणि गुरुत्वाकर्षण. हिमालयात हिमनद्या खडक खरवडतात. राजस्थानात वारा वाळू उडवून नेतो. सह्याद्रीत पावसाने भिजून जड झालेला डोंगरउतार स्वतःच्या वजनाने घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्यातील माळीण गाव असेच गाडले गेले. परंतु आपल्या शेतातील माती मुख्यतः पाणीच नेते.

घळ पडली की आपण जागे होतो. धूप मात्र त्याआधी कितीतरी वर्षे चालू असते. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला सुमारे ९ मीटर वेगाने उघड्या जमिनीवर आदळतो. ढेकळे फुटतात, कण उसळतात आणि बारीक कणांनी जमिनीची छिद्रे बुजतात. मग पाणी मुरण्याऐवजी वाहू लागते व वरचा थर सालीसारखा काढून नेते. हीच सालकाढी धूप. पुढे ओघळी पडतात आणि ओघळींच्या घळी होतात.

एक हेक्टर क्षेत्रातून फक्त १ मिलिमीटर थर गेला तरी सुमारे १३ टन माती जाते. ती डोळ्यांना जाणवतही नाही. पण तिच्याबरोबर सेंद्रिय पदार्थ आणि आपण विकत आणून टाकलेले खतही जाते. एवढा थर पुन्हा तयार व्हायला अनेक वर्षे लागतात.

म्हणून आधी थेंब अडवा. धसकटे, पाचट, पालापाचोळा जाळू नका. जमिनीवर आच्छादन म्हणून पसरा. बाजरीत तुरीसारखे आंतरपीक घेऊन जमीन झाकलेली ठेवा. त्यानंतर पाण्याचा वेग मोडा. वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. नांगरट, पेरणी, कोळपणी उताराला आडवी करा. उताराच्या दिशेने काढलेले प्रत्येक तास म्हणजे माती वाहून नेणारा पाटच होय. समपातळीवर खस गवताच्या ओळी लावा आणि बांधाला दगडी सांडवा ठेवा.

यंदा पहिल्या मोठ्या पावसात शेताबाहेर जाणारे पाणी एका बाटलीत भरून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी जो गाळ दिसेल, ती आपल्याच शेताची माती असेल. तो थर पाहून पुढच्या नांगरटीची दिशा ठरवा.