रणगाडा, जमीन आणि आतला माणूस
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपल्या संमेलनात शिक्षण, वसतिगृह, विवाहातील खर्च अशा विषयांवर अधिकारी वक्ते बोलत आलेले आहेत. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि जन्मभर इतिहास-भूगोल शिकविलेला एक मास्तर. मी रणगाडा चालविलेला नाही की युद्ध पाहिलेले नाही. तरीही आज या विषयावर बोलण्याची परवानगी मी कार्यकारी मंडळाकडे मुद्दाम मागून घेतली. त्याचे कारण प्रथम सांगतो.

गतवर्षी याच मंडपात पंगत बसली असता आपल्या समाजातील एक भगिनी वाढता वाढता माझ्यापाशी थांबली. तिचा मुलगा माझा विद्यार्थी. सैन्याच्या रणगाडा दलात भरती होऊन त्याला तेव्हा तीन वर्षे झाली होती. ती म्हणाली, "गुरुजी, पोरगं लोखंडाच्या आत बसते म्हनतात. मंग त्याले गोळी त लागनार नाही ना?" मी म्हणालो, "नाही लागायची, ताई." आणि जेवू लागलो. ते उत्तर पुरते खरे नव्हते, हे मला त्याच क्षणी ठाऊक होते. ज्याने चाळीस मुलांच्या वर्गात कधी चुकीची सनावळी सांगितली नाही, त्याने एका आईला अर्धसत्य सांगावे, ही गोष्ट वर्षभर मनात सलत राहिली. म्हणून या वर्षात जे वाचता आले ते वाचले, अहिल्यानगरला जाऊन तेथील रणगाडा संग्रहालय पाहिले, आणि तो मुलगा रजेवर आला तेव्हा त्यालाही पुष्कळ विचारून घेतले. आज ती भगिनी समोरच बसली आहे.

या विषयाशी आपल्या वऱ्हाडाचा एक जुना धागा आहे. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या ताब्यात गेला, तो हैदराबाद कंटिंजंट नावाच्या फौजेच्या खर्चासाठी. म्हणजे आपल्या पणजोबा-खापरपणजोबांनी कापसाच्या आणि ज्वारीच्या शेतावर जो सारा भरला, त्यातून त्या फौजेच्या घोड्यांची वैरण निघे. त्याच फौजेच्या घोडदळातून पुढे 'डेक्कन हॉर्स' हा रिसाला उभा राहिला. पहिल्या महायुद्धात तो फ्रान्समध्ये होता. १४ जुलै १९१६ रोजी सोम नदीच्या रणक्षेत्रात, हाय वुड नावाच्या रानाजवळ, या स्वारांनी भाले रोखून शत्रूवर घोडे घातले. समोर मशीनगन होत्या. अशा युद्धात घोड्याचे काय होते ते सांगावयास नको.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १५ सप्टेंबर १९१६ रोजी, त्याच रणक्षेत्रात इंग्रजांनी जगातील पहिले रणगाडे आणले. गुप्तता राखण्यासाठी कारखान्यात त्यांना 'पाण्याची टाकी' म्हणत, आणि इंग्रजीत तेच 'टँक' हे नाव कायम झाले. आपले 'रणगाडा' हे नाव मला अधिक आवडते, कारण त्यात गाडा आहे, आणि गाडा म्हटला की त्याच्याबरोबर रस्ता, चिखल आणि हाकणारा हे सारे आलेच. ते पहिले गाडे अठ्ठावीस टनांचे आणि माणसाच्या चालीने जाणारे होते. बरेचसे वाटेतच बंद पडले. पण मशीनगनच्या गोळ्या त्यांच्या पत्र्यावरून परतल्या. घोड्याला जे साधले नव्हते ते लोखंडाला साधले.

रणगाड्यात तोफ, कवच आणि गती अशा तीन गोष्टी एकत्र आणलेल्या असतात, आणि त्या एकमेकींच्या वैरिणी आहेत. कवच जाड करावे तर वजन वाढते, आणि वजन वाढले की गती जाते व जमीन दबते. म्हणून कवच सगळीकडे सारखे नसते. ते समोर सर्वांत जाड, बाजूला त्याहून कमी, आणि मागे व माथ्यावर पातळ असते. ताई, तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर येथे आहे. मुलगा लोखंडाच्या आत बसतो हे खरे, पण ते लोखंड सगळीकडून सारखे नाही.

आता जमिनीकडे येऊ. आपल्या चिखली-मेहकरकडील काळी जमीन श्रावणात कशी होते ते आपण जाणता. बैलगाडीची अरुंद धाव त्यात आसापर्यंत रुतते, आणि गाडीवानाने कितीही पराणी टोचली तरी बैल हलत नाही. रणगाड्याला चाकांभोवती रुंद साखळीपट्टा असतो तो याचसाठी. चाळीस-पंचेचाळीस टनांचा भार त्या पट्ट्यावर पसरतो, म्हणून जेथे मालमोटार फसते तेथूनही तो निघून जातो. परंतु यालाही मर्यादा आहे, आणि ती मर्यादा १९६५ साली पंजाबात दिसली.

खेमकरण घेऊन पाकिस्तानचे चिलखती दल पुढे सरकले, तेव्हा त्यांच्याजवळ अमेरिकेचे पॅटन रणगाडे होते. ते आपल्या बऱ्याच रणगाड्यांहून नवे व भारी होते. आपल्या बाजूला तीन रिसाले होते आणि त्यांपैकी एक आपला तोच डेक्कन हॉर्स. घोडे केव्हाच गेले होते, नाव तेवढे उरले होते; आणि हाती होते दुसऱ्या महायुद्धातले शर्मन रणगाडे. रिसाल्याचे प्रमुख होते अलिबागचे सुपुत्र अरुणकुमार वैद्य, जे पुढे १९८३ साली भारताचे सरसेनापती झाले. असल उत्तर या गावापाशी आपल्या सैन्याने घोड्याच्या नालेच्या आकाराची फळी धरली. रणगाडे व तोफा उभ्या उसात दडविल्या. कालव्याचे पाणी शेतांत सोडले. आपल्यापैकी ज्यांनी उसाला रात्री पाणी दिले आहे त्यांना पुढचे चित्र डोळ्यांपुढे आणता येईल. पॅटन त्या नालेत शिरले, चिखलात मंदावले, कित्येक रुतले, आणि दोन्ही बाजूंनी त्यांच्या पातळ कुशीवर मारा झाला. जीपवर बसविलेल्या तोफेने रणगाड्यांना जवळून टिपणारे अब्दुल हमीद याच लढाईत १० सप्टेंबरला पडले. त्यांना परमवीरचक्र मिळाले. लढाई संपली तेव्हा, आपल्या गणनेप्रमाणे, शत्रूचे ९७ रणगाडे नष्ट झाले किंवा हाती लागले होते. वैद्यांना महावीरचक्र मिळाले. अहिल्यानगरच्या संग्रहालयात त्या युद्धात जिंकलेला पॅटन उभा आहे. त्याच्या तोफेच्या नळीखाली मी उभा राहिलो, आणि एवढा गाडा पाटाच्या पाण्याने अडविला याचे मला मोठे नवल वाटले.

हेच पुढे पुन्हा घडले. डिसेंबर १९७१ मध्ये लोंगेवाला येथे पायदळाच्या एका कंपनीवर रणगाडे चालून आले, ते वाळूत फसले, आणि उजाडताच आपल्या हंटर विमानांनी त्यांना वरून टिपले. १९७३ साली सीनाईत इस्रायलचे रणगाडे पायदळ मागे टाकून धावले आणि इजिप्तच्या साध्या शिपायांनी पेटीतून वाहून आणलेल्या क्षेपणास्त्रांना बळी पडले. रणगाडा एकटा पडला की आंधळा होतो. आतून दिसते ते फटीतून. बांधाआड लपलेला माणूस त्याला दिसत नाही. तो पाहण्यासाठी बरोबर पायदळ लागते, सुरुंग काढणारे लागतात, वरती विमाने लागतात.

मग रणगाडा निरुपयोगी ठरला काय? तसे म्हणणे मला पटत नाही. १ नोव्हेंबर १९४८ रोजी अकरा हजार फुटांहून उंच जोझीला खिंडीत आपण हलके स्टुअर्ट रणगाडे चढविले. तेथे रणगाडा येईल हे शत्रूच्या स्वप्नातही नव्हते. पायदळाला न उघडलेली खिंड उघडली आणि लडाखची वाट मोकळी झाली. उघड्या मैदानावर धीट पायदळाने जमीन राखावी, पण ती परत घेण्यासाठी पुढे सरकायचे तर आजही पुढे कवच लागते. २०२४ साली आपल्याकडे पंचवीस टनांचा 'जोरावर' रणगाडा प्रथम दाखविण्यात आला, तो डोंगराळ सीमेसाठीच; म्हणजे कवच थोडे कमी, पण चढण्याची ताकद अधिक.

अलीकडचा धोका आकाशातून आहे. फेब्रुवारी २०२२ पासून युक्रेनमध्ये चाललेल्या युद्धात लहान, स्वस्त ड्रोन रणगाड्याच्या पातळ माथ्यावर येऊन आदळू लागले. दोन्ही पक्षांनी बुरुजावर लोखंडी जाळ्यांचे छप्पर बांधले. चित्रांत ते पाहून मला मळ्यातील माळा आठवला. आणखी एक गोष्ट सांगावी की न सांगावी, असा विचार मी पुष्कळ केला. आपले टी-७२ व टी-९० हे रशियन बनावटीचे रणगाडे. त्यांत तीनच माणसे असतात, कारण तोफ यंत्राने भरली जाते आणि दारूगोळा बुरुजाच्या तळाशी, म्हणजे त्यांच्या पायांखाली असतो. तेथे मार बसला तर वाचणे कठीण. ताई, गतवर्षी मी जे झाकले ते हे.

तुमच्या मुलाला मी हे सर्व विचारले, तेव्हा तो हसला. म्हणाला, "गुरुजी, हे आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवतात." मग त्याने मला विचारले, "शेतात वाफसा आला की नाही हे कसे पाहतात ते तुम्ही आम्हाला शाळेत शिकवले होते, आठवते का?" मी म्हणालो, मूठभर माती दाबून पाहतात. त्यावर तो म्हणाला की, अनोळखी रानात ओल दिसली की त्यांचा गाडा थांबतो, आणि आधी एक जण खाली उतरून पुढे चालत जातो, टाच रोवून जमीन पाहतो आणि मग हाताने खूण करतो. त्यांच्या गाड्यावर शेतकऱ्याचा मुलगा तो एकटाच, म्हणून हे काम बहुधा त्याच्याकडेच येते.