सपाट तळवे आणि मुलाचा तोल



पावसाळ्यात आपल्या वऱ्हाडातील काळ्या मातीतून मुले शाळेत येतात, तेव्हा व्हरांड्याच्या फरशीवर त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे उमटतात. ते पुसून घेण्यापूर्वी क्षणभर निरखावेत, अशी माझी विनंती आहे. बहुतेक ठशांत टाच आणि चवडा यांच्यामध्ये आतल्या अंगास जागा रिकामी असते. काहींत मात्र सबंध तळवा भरून उमटतो. तेच सपाट पाऊल.

मी नवशिका शिक्षक असताना एका मुलास लेझीमच्या पथकातून काढून टाकले होते. एका पायावर तो पळभरही ठरत नसे. त्यास मी सर्वांदेखत आळशी म्हणालो. त्याचे तळवे पाहण्याचे मला सुचले नाही. ते मूल पुन्हा मैदानावर आले नाही. ती रुखरुख अद्याप गेलेली नाही.

शरीराचा तोल डोळे, अंतर्कर्ण आणि स्नायू-सांध्यांतून मेंदूस पोचणारी वर्दी या तिहींवर राहतो. डोळे मिटूनही घोटा किती वळला आहे हे आपणांस उमगते, ते या वर्दीमुळे. कमान खचली की घोटा आत कलतो, तेथील स्नायूंवर ताण पडतो आणि एका पायावर उभे राहताना शरीर अधिक डुलू शकते. सांध्यांची ही जाण कितपत मंदावते, याविषयी अभ्यासकांत एकमत नाही. तेव्हा मूल अधू ठरविण्याची घाई नको.

पाच-सहा वर्षांपर्यंत तळवा सपाट असणे स्वाभाविकच आहे. पुढे कमान बहुधा आपोआप घडते. मणिपाळच्या राव आणि जोसेफ या डॉक्टरांनी २३०० मुलांचे ठसे तपासून १९९२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट पावले ८.६ टक्के, अनवाणी वावरणाऱ्यांत २.८ टक्के आढळली. म्हणून वैशाखाच्या फुफाट्यात मुलांना अनवाणी धाडावे असे नव्हे. परंतु लहानग्यांना दिवसभर बंद बुटांत कोंडण्याचा हव्यास (हल्ली तो खेड्यांतही शिरला आहे) आवरावा.

मुलास चवड्यांवर उभे करावे. कमान उमटली तर पाऊल लवचिक आहे, चिंता नको. ती न उमटल्यास, पाय दुखत असल्यास, किंवा एकच पाऊल सपाट असल्यास राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास अथवा प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे.

उपाय आपल्या अंगणातच आहेत. लंगडी, चवड्यांवर चालणे, पायाच्या बोटांनी चिंचोके उचलणे, एका पायावर प्रथम डोळे उघडे ठेवून व मग मिटून उभे राहणे. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून देशी व्यायामाचा प्रसार करीत आहे. तेथे शिकलेले क्रीडाशिक्षक जवळपास असल्यास त्यांचा सल्ला घ्यावा. अशा अभ्यासाने कमान येईलच, असे पालकांस वचन देऊ नये. तोल मात्र सुधारू शकतो. किती अंक मोजेपर्यंत मूल एका पायावर ठरले, ते दर शनिवारी वहीत टिपून ठेवावे, आणि लेझीमच्या पथकातील त्याची जागा तोवर दुसऱ्यास देऊ नये.