पोथीचे दोन शक



आपल्या खापा गावातल्या जुन्या घरांत, देव्हाऱ्याच्या फळीवर किंवा पेटीच्या तळाशी, लाल कापडात बांधलेली एखादी पोथी अजून सापडते. वरखाली लाकडी फळ्या, मधे सुटी आडवी पानं. तिला आपण हळद-कुंकू वाहतो, चातुर्मासात कुणी ती वाचायला घेतो. पण पैठणीचा पदर जसा हातावर घेऊन उजेडात धरतो, तसं पोथीचं पान आपण कधी धरत नाही. आज ते शिकू या. रेडिओवरून पान दाखवता येत नाही, म्हणून जवळ पोथी असेल त्यांनी हात धुऊन, अगदी कोरडे करून ती समोर घ्यावी. नसेल त्यांनी नुसतं ऐकावं.

कन्हान नदीकाठचं हे आपलं गाव विणकरांचं. मागावर बसलेल्या माणसाला खळ म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. सुताला खळ लागली नाही तर ताणा तुटतो. हातकागदाचंही तसंच असे. जुन्या चिंध्या आणि तंतू कुजवायचे, कुटायचे, त्यांचा लगदा पाण्यात कालवून जाळीवर उचलायचा, पान वाळवायचं आणि मग त्याला खळ द्यायची. खळ नसेल तर शाई फुटते, अक्षराच्या कडा पसरतात. खळीनंतर घोटणी. गुळगुळीत दगडानं पान इतकं घासायचं की त्यावर बोरू अडखळता कामा नये. आपल्याकडे दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्याचा कागद यासाठी नावाजलेला होता. पान दिव्यापाशी तिरपं धरा. त्यावर मंद चकाकी दिसेल, ती घोटणाऱ्याच्या हाताची. पान हलकेच हलवा आणि ऐका. घोटलेल्या कागदाचा आवाज खणखणीत असतो, गिरणीच्या कागदासारखा फडफडत नाही.

आता अक्षराकडे या. काळी शाई काजळी आणि बाभळीच्या डिंकाची. बोरू म्हणजे तिरपं टोक कापलेली वेताची किंवा बरूची काडी. त्या तिरप्या कापामुळे अक्षराची एक बाजू जाड येते, एक बारीक. एका ओळीवर बोट न टेकवता नजर फिरवा. काही अक्षरं गडद आहेत, मग हळूहळू फिकी होतात, पुन्हा एकदम गडद. तिथं लेखकानं बोरू दौतीत बुडवला. एका बुडवणीत किती अक्षरं बसतात ते मोजा. तीनशे वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हाताची लय तुम्हांला मिळेल. मला पोथीतली ही गोष्ट सगळ्यांत प्रिय आहे. छापील पुस्तकात ती कधीच मिळत नाही.

शब्द सुटे नसतात. शिरोरेषा एका समासापासून दुसऱ्या समासापर्यंत सलग धावते आणि अक्षरं तिला लोंबकळत जातात. वाचणाऱ्याला आधी त्रास होतो, पण पाहणाऱ्याला पान विणलेल्या कापडासारखं एकसंध दिसतं. समासाच्या लाल रेघा म्हणजे त्याचे काठ. ओवी संपल्याचे दंड आणि आकडे बहुधा हिंगुळाच्या लाल रंगात. कुठे चूक झाली असेल तर तिच्यावर पिवळी हरताळ फासलेली दिसेल. अक्षर राहून गेलं असेल तर ओळीत कावळ्याच्या पावलासारखी खूण आणि राहिलेलं अक्षर समासात. हिला काकपद म्हणतात. जुन्या हातात ‘ख’च्या जागी ‘ष’ही सापडतो. त्याला चूक म्हणू नका, ती त्या काळची लिहिण्याची रीत.

ऋग्वेदाच्या पोथ्यांत तर ही लाल शाई आवाज दाखवते. अक्षराखाली आडवी रेघ म्हणजे तो स्वर खाली, अक्षरावर उभी रेघ म्हणजे स्वरित. म्हणजे पान पाहताना तुम्ही एक गळा पाहता.

आता शेवटचं पान उलटा. मजकूर संपल्यावर बहुतेक पोथ्यांत दोन-तीन ओळी असतात, त्यांना पुष्पिका म्हणतात. शक, संवत्सराचं नाव, महिना, तिथी, वार, गाव, लिहिणाऱ्याचं नाव आणि कुणासाठी लिहिलं ते. बऱ्याचदा लेखक विनवणीही करतो की समोर जसं दिसलं तसं मी उतरवलं, चुकीचा दोष मला देऊ नका. पुष्पिकेतला शक हा पोथीचा पहिला शक. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो. तिथी पौषाच्या उत्तरार्धापासून फाल्गुनापर्यंतची असेल तर ७९. शक बरोबर आहे का, तेही घरी पडताळता येतं. शकात १२ मिळवा, साठाने भागा, उरलेली बाकी म्हणजे साठ संवत्सरांतला क्रमांक. संत एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये. १५०६ आणि १२ म्हणजे १५१८. साठाने भागून उरतात १८. अठरावं संवत्सर तारण, आणि नाथांनीही तारणच सांगितलं आहे. आकडा आणि नाव असं जुळलं की पोथी खरं बोलते आहे असा धीर येतो.

श्रोतेहो, पोथीला दुसराही एक शक असतो. ती घरातून निघून ग्रंथालयात आली त्या वर्षाचा. तो पोथीच्या आत नसतो, नोंदवहीत असतो.

पुण्याचं डेक्कन कॉलेज १८२१ साली पाठशाळा म्हणून सुरू झालं, आज ते अभिमत विद्यापीठ आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुंबई सरकारसाठी ब्यूलर, कीलहॉर्न, रामकृष्ण गोपाळ भांडारकर या पंडितांनी हस्तलिखितं गोळा केली. ती डेक्कन कॉलेजात ठेवली जात. त्यांचे क्रमांक विषयानं नाहीत, अकारविल्हे नाहीत, ज्या वर्षी पोथी आली त्या वर्षानं लावलेले आहेत. १८७५-७६ चा क्रमांक ५ म्हणजे काश्मीरच्या शारदा लिपीत भूर्जपत्रावर लिहिलेली ऋग्वेदसंहिता. ब्यूलर १८७५ मध्ये काश्मिरात गेले होते, तिथून ती आली. झाडाच्या सालीवरचं ते लिखाण. साल थरांची असते, वाकवली तर कडकन मोडते. एवढ्या लांबून ती पुण्यास पोचली हेच मोठं. १९०६ साली ऋग्वेदाच्या खिलसूक्तांचा, म्हणजे परिशिष्ट सूक्तांचा, अभ्यास छापताना शेफ्टेलोविट्झ या जर्मन पंडितांनी तिचा आधार घेतला. हा सगळा संग्रह १९१८ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे गेला. तिथल्या ऋग्वेदाच्या ३० हस्तलिखितांना २००७ साली युनेस्कोनं जगाच्या स्मृतिठेव्यात स्थान दिलं. त्याच संग्रहात १३२० सालची कागदावरची चिकित्सासारसंग्रहाची पोथीही आहे. तिचा पहिला शक आणि दुसरा शक यांत पाचशे वर्षांहून जास्त अंतर आहे. इतक्या पिढ्या तिला कुणीतरी ओल, वाळवी आणि आगीपासून राखलं. त्या माणसांची नावं कुठल्याही यादीत नाहीत.

आता आपल्या मुलखाकडे. १८७४ साली नागपूरला एक यादी छापली गेली. संपादक तेच कीलहॉर्न. मध्य प्रांतात असलेल्या संस्कृत हस्तलिखितांची ती यादी होती. शब्द नीट ऐका, मध्य प्रांतात ‘असलेल्या’. त्या पोथ्या ग्रंथालयात आलेल्या नव्हत्या. त्या लोकांकडे होत्या. पुढे १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांत आणि वऱ्हाडातल्या संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची मोठी सूची नागपुरातून प्रसिद्ध केली. दोन्ही याद्या माझ्या मते या भागातली मोलाची पुस्तकं आहेत. त्यांतून एवढं कळतं की आपल्याकडे पोथी राजवाड्यापुरती नव्हती.

वऱ्हाडाचं नाव निघालं की रिद्धपूर आलंच. महानुभाव पंथाच्या म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास तिथं लीळाचरित्र सिद्ध केलं. पुढे महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ लिपीत लिहिले. त्यात एका अक्षराच्या जागी दुसरं अक्षर येतं, किल्ली नसेल तर वाचता येत नाही. अशा पोथीचं पान पाहिलं तर सगळं देवनागरीच्या तोंडवळ्याचं वाटतं आणि एक शब्द कळत नाही. तिथंच पाहण्याचा खरा अभ्यास होतो, कारण अर्थ आडवा येत नाही. ओळीचा तोल, समास, हाताचं वळण, एवढंच समोर राहतं. नागपुरात ह. ना. नेने यांनी १९३६ पासून लीळाचरित्राचे भाग छापले. नागपूर विद्यापीठाचे कुलगुरू राहिलेले वि. भि. कोलते यांनी अनेक पोथ्या ताडून १९७८ मध्ये त्याची संपादित आवृत्ती काढली. एकाच लीळेचे वेगवेगळे पाठ समोर मांडून एकेक शब्द निवडणं, याला वर्षं लागतात. त्या छापील पानाखालच्या पाठभेदांच्या बारीक ओळी आपण ओलांडून पुढे जातो. पुढच्या वेळी तिथं थांबा. त्यातला प्रत्येक पाठ कुठल्यातरी घरातून आला आहे.

हे सगळं सांगताना एक गोष्ट मला सलते. आमच्या घरी कापडात बांधलेल्या पोथ्यांचे दोन बस्ते होते. आजोबा गेले, वाचणारं कुणी उरलं नाही, आणि घरच्यांनी श्रद्धेनंच ते कन्हानीत सोडले. पोथी पायदळी येऊ नये म्हणून पाण्यात सोडायची, हा रिवाज पुष्कळ ठिकाणी आहे. मी तेव्हा काठावर उभा होतो. पानं काही वेळ तरंगली, मग शाई पाण्यात उतरली. शेवटचं पान कुणी पाहिलं नव्हतं. त्यावर शक होता का, गाव खापा होतं का, लिहिणारा कोण होता, ते आता कधीच कळणार नाही.

म्हणून माझी विनंती आहे. घरात पोथी असेल तर या आठवड्यात एकदा तिचा बस्ता सोडा. पानांचा क्रम मोडू नका, फाटलेल्या पानाला चिकटपट्टी लावू नका, तिचा डिंक कागद खातो. पानांवरचे आकडे तपासा. शेवटचं पान दिवसाच्या उजेडात पाहा आणि त्यावरचा शक, संवत्सर, गाव, नाव एका वेगळ्या वहीत लिहून ठेवा. वाचता आलं नाही तर नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथालयात किंवा रामटेकच्या कविकुलगुरू कालिदास संस्कृत विद्यापीठात जाऊन विचारा. पोथी द्यायची की ठेवायची, ते तुम्ही ठरवा. पुन्हा बांधताना मात्र धुतलेलं सुती कापड घ्या, खाप्याच्या मागावरचं मिळालं तर तेच घ्या, आणि पोथी पाण्यात सोडू नका.