गाव राखणारी पिढी



नगर जिल्ह्यातल्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या खेड्यात सत्तरी ओलांडलेल्या माणसाला वय विचारलं, तर बहुतेकदा आकडा मिळत नाही, दुष्काळ मिळतो. बहात्तरला खडी फोडायला जात होतो, थोरला तेव्हा रांगत होता, असा हिशेब मांडला जातो आणि वय ऐकणाऱ्यानं काढायचं असतं. आधार कार्डावर जन्मतारीख असते १ जानेवारी. जे थोडंफार शाळेत गेले त्यांच्या दाखल्यावर १ जून, कारण नाव घालताना गुरुजींनी सोयीची तारीख टाकलेली. म्हणून तर ३१ मे रोजी सरकारी कचेऱ्यांमधून निवृत्तांची रांग लागते. जनगणनेच्या तक्त्यांतही ६०, ६५, ७० या वयांवर माणसांची गर्दी दिसते आणि एकसष्ट, सहासष्ट वर्षांचे मात्र फारच थोडे सापडतात.

देशादेशांतल्या वृद्धांची तुलना करायला बसलं की सुरुवात इथून होते. काही देशांना आपली माणसं किती वर्षांची आहेत हे तारखेनिशी माहीत असतं, काहींना अंदाजानं. अर्थात तारखेनिशी माहीत असलेल्यांचीही फसगत होते. जपानात २०१० च्या जुलैमध्ये उघडकीला आलं, की टोकियोतले कागदोपत्री १११ वर्षांचे असलेले एक गृहस्थ तीसेक वर्षांपूर्वीच घरात वारले होते. मग देशभर शोध सुरू झाला. कुटुंबांच्या जुन्या नोंदवह्यांत शंभरी पार केलेली पण ठावठिकाणा नसलेली सव्वादोन लाखांहून जास्त नावं निघाली. बरीचशी माणसं कधीच गेलेली होती, नावं तेवढी मागं राहिली होती.

तरीही जपानचं म्हातारपण खरं आहे. आज तिथं दर शंभरांत एकोणतीस माणसं पासष्टीच्या पुढची आहेत. शंभरी गाठणाऱ्याला पंतप्रधानांच्या वतीनं चांदीचा पेला देण्याची रीत १९६३ साली सुरू झाली, तेव्हा देशात शतायुषी होते १५३. सप्टेंबर २०२५ मध्ये त्यांची संख्या झाली ९९,७६३, आणि त्यांत जवळजवळ ८८ टक्के बायका. पेले इतके लागायला लागले, की २०१६ पासून अस्सल चांदीऐवजी चांदीचा मुलामा दिलेले पेले देतात.

आता दुसरं टोक पाहू. आफ्रिकेतल्या नायजरमध्ये निम्मी लोकसंख्या पंधरा-सोळा वर्षांच्या आतली आहे आणि पासष्टीपुढची माणसं शंभरांत दोन-तीन. संयुक्त अरब अमिरातीतही वृद्धांचं प्रमाण असंच, किंबहुना त्याहूनही कमी. आकडे शेजारी शेजारी, कारणं मात्र अगदी उलटी. नायजरमध्ये लेकरं इतकी जन्मतात, की वृद्धांचा वाटा आपोआप बारीक दिसतो. अमिरातीत बाहेरच्या देशांतून आलेली तरणीताठी माणसं फार आहेत. गावाकडं परतायचं वय होईपर्यंत ती तिथं राबतात आणि म्हातारपण काढायला आपापल्या देशी निघून जातात. आपल्याकडचेही कितीतरी त्यांत आहेत. त्यांच्या उतारवयाचा खर्च अमिरातीच्या हिशेबात येतच नाही, तो रत्नागिरीच्या किंवा केरळच्या घराला सोसावा लागतो.

म्हणून नुसती टक्केवारी ऐकून काही कळत नाही. लेकरं किती जन्मली, किती जगली आणि कोण घर सोडून गेलं, या तीन गोष्टी पाहाव्या लागतात. वेगही पाहावा लागतो. पासष्टीपुढच्यांचा वाटा ७ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर जायला फ्रान्सला ११५ वर्षं लागली, जपानला अवघी चोवीस, दक्षिण कोरियाला अठरा. फ्रान्समध्ये पणजोबांच्या काळापासून पेन्शन, दवाखाने, कायदे हळूहळू उभे राहत गेले. कोरियात एकाच पिढीनं शेत सोडलं, शहर गाठलं आणि म्हातारपणही गाठलं. भारतानं ७ टक्क्यांचा उंबरठा नुकताच ओलांडला आहे. फ्रान्सइतकी सवड आपल्याला नाही, हे उघड आहे.

देश म्हातारा का होतो? माणसं जास्त जगायला लागली म्हणून, असं पटकन वाटतं. ते खरंच आहे, पण त्याहून मोठं कारण पाळण्यात आहे. लेकरं जगतील याची खात्री वाटायला लागली, की आईबाप कमी लेकरांवर थांबतात, आणि मग लोकसंख्येत मोठ्यांचा वाटा वाढत जातो. हे समजून घ्यायला जपानपर्यंत जायची गरज नाही. आपल्याच जिल्ह्यातल्या जामखेडला हे घडताना जगानं पाहिलं आहे.

डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे दांपत्य १९७० साली जामखेडला आलं. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेऊन त्यांनी निवडला तो हा दुष्काळी, रस्ते नसलेला तालुका. त्या काळी इथं जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी पावणेदोनशेच्या आसपास बाळं पहिल्या वाढदिवसाआधीच दगावत. आरोळ्यांनी डॉक्टर वाढवण्यापेक्षा गावातल्या बायांना शिकवायचं ठरवलं. प्रत्येक गावानं आपली एक बाई निवडायची. त्यांतल्या बऱ्याच निरक्षर होत्या, कितीतरी दलित घरांतल्या होत्या. दर आठवड्याला त्या जामखेडला येत, शिकत आणि परत जाऊन गावाला शिकवत. बाळंतपणात हात आणि नाळ कापायचं साधन स्वच्छ कसं ठेवायचं, जुलाब लागलेल्या पोराला मीठ-साखरेचं पाणी कसं द्यायचं, वजन करून पोर वाढतंय का हे कसं पाहायचं, एवढ्याच गोष्टी. बालमृत्यू झपाट्यानं खाली आले आणि पाठोपाठ जन्मदरही. १९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेनं गावकऱ्यांनीच चालवलेल्या आरोग्यसेवेवर पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर प्रकरण आहे. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

त्या बायांनी वाचवलेली पहिली बाळं आज पन्नाशीत आहेत. १९७० साली जन्मलेली २०३० मध्ये साठीची होतील. महाराष्ट्रात आता एका बाईमागं सरासरी १.७ लेकरं जन्मतात, बिहारमध्ये तीन, असं २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. २०११ च्या जनगणनेत साठीपुढच्यांचं प्रमाण देशात ८.६ टक्के होतं, महाराष्ट्रात जवळजवळ १० आणि केरळात साडेबारा. एकाच देशात नायजरकडं झुकलेली राज्यं आहेत आणि युरोपकडं झुकलेलीही. आपण दुसऱ्या गटात आहोत, आणि ही नामुष्कीची गोष्ट नाही. लेकरं जगवल्याचा हा परिणाम आहे.

राहिली तिसरी गोष्ट, घर सोडून कोण गेलं ती. या बाबतीत आपला जिल्हा म्हणजे एका सीमेच्या आत वसलेले दोन मुलूख आहेत. उत्तरेत १९२६ साली भंडारदऱ्याचं धरण पुरं झालं, प्रवरेचे कालवे फिरले, ऊस आला. १९५० मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारानं प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि मग कारखान्यांची रांगच लागली. दक्षिणेला आणि पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेडची कोरडवाहू जमीन. दसरा-दिवाळी उरकली की तिथल्या वस्त्यांवर ट्रक आणि ट्रॅक्टर येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, पांघरुणं आणि कडेवरचं लेकरू घेऊन चढतात. ऊसतोडीत नवराबायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. कुणी प्रवरेच्या पट्ट्यात जातं, कुणी सांगली-कोल्हापूरकडं, कुणी कर्नाटकात. पुढचे पाच महिने मुक्काम फडाजवळच्या कोपीत.

गावात मागं राहतात आजी, आजोबा आणि शाळेत जाणारी नातवंडं. त्या महिन्यांत गाव त्यांच्याच जिवावर चालतं. पहाटे पाण्याची खेप, शेळ्या सोडणं, भाकरी थापणं, नातीची वेणी घालून तिला शाळेत धाडणं, पोरगं तापलं तर त्याला घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्र गाठणं, आणि रात्री फडावरून फोन आला की सगळं बरं आहे म्हणून सांगणं. स्वतःच्या रक्तदाबाच्या गोळ्या संपल्या आहेत, हे त्या फोनवर बहुधा सांगितलं जात नाही.

लोकसंख्येचे अभ्यासक एक गुणोत्तर काढतात: कमावत्या वयाच्या दर शंभर माणसांवर साठीपुढची किती माणसं अवलंबून आहेत. हे गुणोत्तर जपानला लावा, इटलीला लावा. पाथर्डीच्या वाडीला जानेवारीत लावलं, तर ते खोटं ठरतं. पासष्ट वर्षांची बाई दोन नातवंडं, चार शेळ्या आणि अख्खं घर सांभाळत असते, म्हणून तर तिचा मुलगा आणि सून कोयता घेऊन जाऊ शकतात. साखरेच्या धंद्याच्या ताळेबंदात तिच्या श्रमाला रकाना नाही. तो असायला हवा.

या घरात येतं काय? पासष्टी पार केलेल्या निराधार, गरीब वृद्धाला श्रावणबाळ योजनेतून महिना दीड हजार रुपये, तेही दरवर्षी हयातीचा दाखला दिल्यावर. केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातला केंद्राचा वाटा साठ ते एकोणऐंशी वयासाठी दरमहा २०० रुपये आहे आणि बरीच वर्षं तो तेवढाच आहे. २६ ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना एसटीचा प्रवास फुकट झाला. ही योजना मात्र खरोखर घरोघर पोहोचली. तालुक्याचा दवाखाना, लेकीचं गाव, शिर्डी, पंढरपूर, सगळीकडं ही माणसं आता कुणाकडं पैसे न मागता जातात. हात न पसरता बाहेर पडता येणं हे उतारवयात फार मोठं सुख आहे.

रेशन दुकानातलं दृश्य मात्र काळजाला लागतं. मशीनवर अंगठा ठेवायचा असतो. पन्नास वर्षं खुरपं आणि विळा धरून बोटांवरच्या रेषा झिजलेल्या. अंगठा उमटत नाही. म्हातारी पदराला बोट पुसते, दुसरं बोट लावते, पुन्हा पहिलं लावते. कार्डावर आणखी नावं आहेत, पण ती माणसं फडावर आहेत. दुकानदार भला असला तर मार्ग निघतो, नाहीतर परत यायचं.

जपाननं २००० साली दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकानं हप्ता भरायचा आणि पुढं अंथरुणाला खिळलं तर घरी येऊन अंघोळ घालणारा, उठवून बसवणारा माणूस हक्कानं मिळायचा. तेवढा पैसा आपल्याकडं नाही, हे मान्य. पण केरळ काही जपान नव्हे. १९९३ साली कोळिकोडमध्ये वेदनाशमनाचं काम करणारी एक संस्था सुरू झाली, शेजारपाजारचे लोक स्वयंसेवक झाले, आणि २००८ मध्ये राज्य सरकारनं त्याचं धोरण केलं. आज तिथं ग्रामपंचायतीच्या योजनेतली परिचारिका अंथरुणावरच्या वृद्धाच्या घरी जाते, जखम धुते, नळी बदलते, घरच्यांना शिकवते.

पुढची जनगणना १ मार्च २०२७ या तारखेची धरून होणार आहे. गाळपाचा हंगाम तेव्हा चालू असेल. गणनेचा सगळा काळ जो घराबाहेर असतो, त्याची मोजणी तो असेल तिथं होते. म्हणजे पाथर्डी-जामखेडच्या कितीतरी वस्त्यांवर प्रगणकाला दार उघडायला येतील ती वयस्कर माणसं आणि मुलंच, आणि त्या गावांतलं वृद्धांचं प्रमाण कागदावर जपानशी स्पर्धा करताना दिसलं तर नवल वाटायला नको.

ग्रामपंचायतीला मात्र तोवर थांबायचं कारण नाही. ट्रक निघण्याआधीच्या ग्रामसभेत एक यादी होऊ शकते: कोणत्या घरात वृद्ध एकटे राहणार, कोणाला साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत, कोणाचा अंगठा मशीन घेत नाही, रात्री-अपरात्री गाडी लागली तर कोणाला उठवायचं. दर आठवड्याला त्या घरांत फेरी मारायला गावातलीच एक बाई निवडावी, तिला शिकवावं आणि तिच्या कामाचे पैसे वेळेवर द्यावेत. आशाताईंवरच हे काम टाकायचं असेल, तर त्याचा मोबदला वेगळा हवा, त्यांच्याकडं आधीच कामं उदंड आहेत. शिकवायची पद्धत कुठून आणायची हा प्रश्न या जिल्ह्यात तरी पडू नये. निरक्षर बायांना बाळ वाचवायला शिकवलं गेलं ते जामखेडलाच, आणि तिथून पाथर्डी काही लांब नाही.