टेन्शन, मशीनचं आणि आपलं

आम्ही शिवणवर्गातल्या बायका आज एका इंग्रजी शब्दाबद्दल बोलणार आहोत. तुम्ही तो सकाळपासून दोनचारदा तरी वापरला असेल. टेन्शन!

आमच्या वर्गात तो रोज निघतो, पण मशीनसाठी. मशीनवर दोन गोल चकत्या असतात, त्यांच्यामधून दोरा सुईकडे जातो. पुढची चक्री उजवीकडे फिरवली की चकत्या आवळतात, दोऱ्याला ताण बसतो. ते टेन्शन. जास्त झालं की खालचा दोरा वर ओढला जातो, कापडाला चुण्या पडतात, नाहीतर दोराच तुटतो. कमी पडलं की कापडाखाली दोऱ्याचे फास लोंबतात. म्हणून आधी चिंधीवर टीप मारून बघायची. शब्दाचा मूळ अर्थही ताणणं हाच. लॅटिनमधून तो इंग्रजीत आला, आणि आपले ताण, तंतू हे शब्द त्याच्याच लांबच्या नात्यातले. दोऱ्याशी नातं आहे म्हणायचं!

मध्यंतरी एका मैत्रिणीच्या टिपेला सारख्या चुण्या पडत होत्या. आम्ही मागून म्हटलं, "अगं, टेन्शन फार झालंय तुझं." मशीनबद्दलच म्हणालो होतो. ती तिथेच रडायला लागली. (तिला विचारूनच हे सांगतोय.)

कितीतरी दिवस ती "जरा टेन्शन आहे" एवढंच म्हणायची आणि आम्ही "घेऊ नको गं" म्हणून आपापली टीप मारायचो. जणू ती हौसेनंच घेत होती! त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं, नेमकं काय होतंय? तर रात्र रात्र झोप नाही, घास गिळवत नाही, बचत गटाचा हप्ता थकलेला, आणि घरी सांगायची चोरी. एवढं सगळं त्या एका शब्दाखाली दडलेलं.

हप्त्याचं आम्ही गटात बोललो, मुदत मिळाली. झोपेचं आमच्या हातात नव्हतं. सरकारची टेली मानस सेवा आहे, नंबर १४४१६, फोन मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो आम्ही तिच्याशेजारी बसून लावला.

आता वर्गात कुणी टेन्शन म्हटलं की आम्ही विचारतो, मशीनचं की तुझं? परवा एकजण म्हणाली, "दोन्ही." मशीन तसंच राहू दिलं आणि चहा ठेवला.