समुद्राचा संसार शिकणाऱ्या मुली
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला बायकांनी बोलायचे म्हणजे पाककृती, बालसंगोपन नाही तर आरोग्य, असा आपला शिरस्ता आहे. यंदा चिटणीसबाईंनी विषय माझ्यावर सोपवला, आणि मी 'समुद्राचे उच्च शिक्षण' असे सांगताच त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या. त्यांचेही बरोबर आहे. मी सातवी शिकलेली. कॉलेजची पायरी चढले ती मुलांच्या प्रवेशापुरती. परंतु माझी पुतणी इथल्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयातून पदवी घेऊन आणखी दोन वर्षे शिकू म्हणते आहे, आणि त्यावरून गेले काही महिने आमच्या घरात जी चर्चा चालली आहे, ती पुष्कळ घरांत चालण्यासारखी आहे. म्हणून हे धाडस.

"मासे पकडायला कॉलेज कशाला?" हा पहिला प्रश्न. पकडायला नकोच; ते आपल्या मिरकरवाड्याच्या मंडळींना बापजाद्यांपासून येते. शिकायचे ते निराळेच. समुद्रातून किती घ्यावे, केव्हा घ्यावे आणि उद्यासाठी काय राखावे, याचा हिशेब या मुली शिकतात. भगिनींनो, हा हिशेब आपल्याला नवा आहे का? कणगीतले सगळे धान्य दळून खाल्ले तर पेरायला काय उरणार, हे आपल्याला कोणी कॉलेजात शिकवले नाही. फरक एवढाच, की कणगीत हात घालून पाहता येते, समुद्रात येत नाही. तिथे किती शिल्लक आहे हे बाहेरून ओळखावे लागते, आणि ती ओळखण्याची विद्या म्हणजेच हे शिक्षण.

ती कशी ओळखतात, हे मी पुतणीकडून ऐकले आहे. बोटी बंदराला लागल्या की ही मुले वही आणि मोजपट्टी घेऊन जातात. कोणत्या जाळ्याला कोणती मासळी किती आली, हे टिपतात. मासळीची लांबी मोजतात, वजन करतात, पोट चिरून गाबोळी तयार झाली आहे की नाही ते बघतात. माशाच्या कानात खड्यासारखे एक बारीक हाड असते. झाडाच्या खोडात वर्षांची वलये असतात तशी त्याच्यावर वलये असतात, त्यांवरून वय काढतात. असे हजारो मासे पाहिल्यावर कळते, की अमुक जातीचा मासा अमुक लांबीचा झाला म्हणजे प्रथम अंडी घालतो. त्याच्या आधीच पकडला तर त्याचा वंश तिथेच खुंटला.

हे ज्ञान पुस्तकात पडून राहत नाही. २०२३ सालच्या सप्टेंबरात पापलेटला आपल्या राज्याचा 'राज्य मासा' म्हणून मान मिळाला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात सरकारने ५४ जातींच्या मासळीसाठी पकडण्याची किमान लांबी ठरवून दिली. पापलेट १३५ मिलिमीटर, बोंबील १८०, बांगडा १४०. हे आकडे कचेरीत बसून सुचलेले नव्हेत. कोणीतरी बंदरावर चिखलात उभे राहून मासे मोजले, तेव्हा ते मिळाले. पावसाळ्यातल्या बंदीचेही तसेच. खवळलेल्या दर्यापासून माणसे वाचावीत हा तिचा एक हेतू, आणि पुष्कळ मासळीचा विणीचा काळ तोच, हे दुसरे कारण. आपले वाडवडील नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून मगच होड्या लोटत. त्या रीतीत हेच शहाणपण होते.

आपल्या बंदरात लहान होडीवाले आणि पर्ससीन जाळ्यांचे मालक यांच्यातला तंटा आपण सर्वांनी पाहिला आहे. २०१६ साली सरकारने त्या जाळ्यांवर निर्बंध घातले, तरी बोलाचाली संपलेली नाही. दोन्हीकडे पोटाचा प्रश्न आहे. अशा वेळी कोणाचा आवाज मोठा यावरून निकाल लागू नये. समुद्रात खरोखर काय उरले आहे हे सांगणारे, कोणाच्याही पदरी नसलेले शिकलेले माणूस हवे. ते आपल्याच गावची मुलगी असली तर काय वाईट?

ज्यांच्या घरी मासळी शिजत नाही त्या भगिनी म्हणतील, आमचा काय संबंध? संबंध किनाऱ्याचा आहे. खाडीकाठची कांदळवने लाटांचा जोर मोडतात, माती धरून ठेवतात, आणि कोळंबीची, माशांची पिल्ले त्यांच्या मुळांत वाढतात. किनाऱ्यालगत विहिरींचा उपसा फार झाला की खारे पाणी आत येते आणि विहीर मचूळ होते; मग पाणी भरायला कोण जाते, हे मी सांगायला नको. १९९१ साली केंद्र सरकारने भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतच्या किनाऱ्यावरील बांधकामांना नियम लावले, आणि पुढे २०११ व २०१९ साली ते बदलले. ती भरतीची रेषा आखायची कोणी? तेही याच शिक्षणातले काम.

आता आमच्या घरातला दुसरा प्रश्न: "मुलीच्या जातीला हे झेपेल का? आणि दोन वर्षांनी लग्नाचे काय?" यावर मी घरात एकच नाव घेते, डॉ. अदिती पंत यांचे. नागपुरात जन्मलेल्या, पुण्यात पदवी घेतलेल्या या मराठी मुलीने समुद्रशास्त्र शिकण्यासाठी हवाई बेटे आणि लंडन गाठले, गोव्याला दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत काम केले, आणि १९८३ साली निघालेल्या मोहिमेतून त्या अंटार्क्टिकाच्या बर्फावर गेल्या. त्या आणि सुदीप्ता सेनगुप्ता या तिथे पोचलेल्या पहिल्या भारतीय महिला. तेव्हा मुलीच्या जातीला काय झेपते, हा प्रश्न चाळीस वर्षांपूर्वीच निकालात निघाला आहे. आणि भाट्याच्या खाडीत गुडघाभर चिखलात वाकून तिसऱ्या काढणाऱ्या बायका, टोपली डोक्यावर घेऊन दारोदार फिरणाऱ्या मासळीवाल्या, यांना ते कधी विचारावेच लागले नाही.

वाट कशी आहे, तेही सांगते. बारावीला शास्त्रशाखा आणि जीवशास्त्र असले म्हणजे मत्स्यशास्त्राच्या चार वर्षांच्या पदवीला जाता येते; शिरगावचे महाविद्यालय १९८१ पासून आहे आणि ते दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे. पुढची दोन वर्षे प्रवेश-परीक्षा देऊन इथेच करता येतात, किंवा मुंबईला वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेत, जी १९६१ पासून चालू आहे. नुसत्या समुद्रविज्ञानाची आवड असेल तर गोवा विद्यापीठ जवळ आहे. मत्स्यव्यवसाय खाते, कोळंबी-संवर्धन, मासळीवर प्रक्रिया करणारे कारखाने, संशोधन संस्था, अशी कामाची ठिकाणे आहेत. नोकरी दारात वाट बघत उभी असते असे मी म्हणणार नाही. कोणत्याच शिक्षणाची तशी हमी नसते.

शेवटी मंडळाकडे माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली बाजारातली. आपल्या पिशवीच्या बंदावर साडेतेरा सेंटिमीटरवर रंगीत दोऱ्याचा एक टाका घालून ठेवावा. त्याहून आखूड पापलेट कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. मासळीवालीशी भांडू नये. जे जाळ्यात येते तेच तिच्या टोपलीत येते. पण बारीक पापलेटला गिऱ्हाईक नाही, ही गोष्ट टोपलीतून बंदरावर आणि बंदरावरून बोटीवर आपोआप पोचेल.

दुसरी मागणी पैशाची. मंडळाच्या शिलकीतून दर वर्षी एका मुलीचे प्रवेश-परीक्षेचे शुल्क आणि परीक्षेला जाण्यायेण्याचा खर्च द्यावा. माझी पुतणी यातून वगळावी. तिचे आम्ही घरचे पाहू, आणि ती जाणार हे आता ठरले आहे. ही मदत मिरकरवाड्याच्या किंवा खाडीकाठच्या अशा मुलीला मिळावी, जिच्या घरात समुद्र आहे पण पुस्तक नाही. ही सूचना मी आज सभेपुढे रीतसर मांडते, आणि पहिली वर्गणी म्हणून माझे ५०१ रुपये खजिनदारबाईंच्या हाती देते.