संगणकात अडकलेल्या ओव्या
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आजवर या ठिकाणी पाककृती, बालसंगोपन, घरगुती औषधे अशा विषयांवर पुष्कळ चांगली भाषणे झाली. मला मात्र चिटणीसबाईंनी निराळाच विषय नेमून दिला आहे. "संगणकाचे ते प्रकरण तुम्ही निस्तरलेत, तेव्हा त्यावर तुम्हीच बोला," असा त्यांचा हुकूम झाला. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. इंग्रजी अक्षरे मला लागतात, अर्थ दर वेळी लागतोच असे नाही. तेव्हा मोठे शास्त्र माझ्याकडून ऐकायला मिळणार नाही. परंतु जे डोळ्यांनी पाहिले आणि जाणत्या माणसांना पुन्हा पुन्हा विचारून ज्याची खात्री करून घेतली, तेवढे मी सांगणार आहे.

नव्या सभासदांना ठाऊक नसेल म्हणून आधी थोडी हकिकत सांगते. २००४ साली आपल्या मंडळाने मराठी टंकलेखनाचा एक प्रोग्राम विकत घेतला. पुढे आठ वर्षे आपल्या एक सभासदबाई रोज संध्याकाळी मंडळाच्या खोलीत बसून, गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांनी सांगितलेल्या जात्यावरच्या ओव्या त्यावर उतरवीत असत. अशा १८३ ओव्या झाल्या. शिवाय लोणची, सांडगे, बाळंतिणीचा खुराक यांची प्रमाणे निराळी. मूळच्या वह्यांना पुढे वाळवी लागली व त्या गेल्या. ओव्या सांगणाऱ्या बायकांपैकी आज एकट्या आत्याबाईच आपल्यात आहेत. म्हणजे आपल्या आज्यांचे बोल उरले होते ते फक्त त्या एका यंत्रात.

आता काय झाले ते पाहा. संगणकाला चालविणारी जी मुख्य प्रणाली असते, ती आपल्याकडे विंडोज १० ही होती. तिला कंपनीकडून मिळणारी नेहमीची मोफत दुरुस्ती व सुरक्षा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबणार, असे जाहीर झाले होते. म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात कार्यकारिणीने रीतसर ठराव करून विंडोज ११ चढवून घेतली. यात गैर काही नव्हते. मंडळाचा जमाखर्च त्याच यंत्रावर असतो, तेव्हा सुरक्षा हवीच. दिवाळी झाल्यावर स्मरणिकेच्या कामासाठी संगणक उघडला. बाकी सारे ठीक चालले, परंतु मराठीचा तो जुना प्रोग्राम काही उघडेना. चित्रावर दोनदा टिचकी मारली की एक लहानशी चौकट येई आणि सारे तिथेच थांबे.

अशा वेळी सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. कोणी म्हणाले, प्रोग्राम काढून टाका. कोणी म्हणाले, सगळा संगणक पुसून पहिल्यापासून भरा. मी म्हटले, थांबा. आधी शिदोरी, मग जेजुरी. प्रोग्राम निराळा आणि त्यात लिहिलेला मजकूर निराळा. कोठीचे कुलूप बिघडले म्हणून आतले धान्य किडत नाही, पण कुलपाच्या रागाने कोठीच पेटवली तर धान्यही जाते. मजकुराच्या फायली वेगळ्या ठिकाणी जशाच्या तशा होत्या. त्या प्रथम दोन पेन ड्राइव्हवर उतरवल्या. एक मंडळाच्या कपाटात ठेवला, एक खजिनदारबाईंच्या घरी. मगच दुरुस्तीला हात लावला. भगिनींनो, बाकीचे भाषण विसरलात तरी चालेल, एवढा क्रम मात्र विसरू नका.

दुसरी गोष्ट म्हणजे त्या चौकटीतला निरोप. आपण घाईने ती चौकट बंद करतो आणि "काहीतरी इंग्रजीत आले होते" असे सांगतो. वैद्याला "कुठेतरी दुखते" म्हटल्यासारखेच हे झाले. मी तो निरोप अक्षर पाहून अक्षर वहीत उतरवून घेतला आणि मुलीकडून त्याचा अर्थ लावून घेतला. हा निरोप मुख्यतः तीन तऱ्हेचा असतो. "हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही," असे आले तर प्रोग्राम फारच जुन्या घडणीचा असण्याचा संभव असतो. नावाच्या शेवटी डीएलएल ही अक्षरे असलेली एखादी फाईल सापडत नाही, असे आले तर प्रोग्रामला लागणारा एखादा सुटा भाग नव्या प्रणालीत नाही, असे समजावे. आणि कुलूप सापडत नाही किंवा परवाना सापडत नाही, असे आले तर दुखणे तिसरेच असते. आपला निरोप या तिसऱ्या जातीचा निघाला.

जुन्या घडणीचे म्हणजे काय, तेही सांगते. संगणकाचे प्रोग्राम १६, ३२ आणि ६४ बिट अशा मापांचे असतात. विंडोज ११ ही फक्त ६४ बिटांची आहे. तिच्यावर ३२ बिटांचे बहुतेक प्रोग्राम चालतात, १६ बिटांचे मात्र मुळीच चालत नाहीत. गंमत अशी की, काही प्रोग्राम स्वतः ३२ बिटांचे असूनही ते संगणकात बसवून देणारा त्यांचा भाग १६ बिटांचा असतो. म्हणजे पाहुणा चालण्यासारखा, पण त्याला घेऊन येणाऱ्या गाड्याला दार लहान! हे एकाच कंपनीच्या बाबतीत घडते असेही नाही. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवर २०१९ साली कॅटलिना नावाची प्रणाली आली, तेव्हा ३२ बिटांचे सारे प्रोग्राम तिच्यावर उघडेनासे झाले.

यावर घरच्या घरी करून पाहण्याजोगे उपाय आहेत. पहिला, संगणक पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करणे. दुसरा, प्रोग्रामच्या चित्रावर माउसचे उजवे बटण दाबून प्रॉपर्टीजमध्ये जावे. तिथे कम्पॅटिबिलिटी नावाचे पान असते. त्यात जुन्या विंडोजचे नाव निवडता येते. नवी प्रणाली त्या एका प्रोग्रामपुरती जुन्या प्रणालीसारखी वागू लागते, आणि कित्येक दुखणी एवढ्यानेच बरी होतात. तिसरा, जुन्या प्रोग्रामांना डॉटनेट ३.५ नावाचा भाग पुष्कळदा लागतो. तो नव्या विंडोजमध्ये आपोआप चालू नसतो, विंडोज फीचर्सच्या यादीत जाऊन चालू करावा लागतो. चौथा, प्रोग्राम तयार करणाऱ्याकडे नव्या प्रणालीसाठी सुधारलेली आवृत्ती आहे काय, अशी चौकशी करणे. आणि पाचवा, माघारी जाणे. जुन्या विंडोजवरच नवी चढवली असेल, तर साधारण दहा दिवसांपर्यंत सेटिंग्जमधल्या रिकव्हरीच्या पानावरून मागे फिरता येते. आपली ती मुदत दिवाळीतच उलटून गेली होती. म्हणून सांगते, प्रणाली बदलली की दुसऱ्याच दिवशी आपले नेहमीचे सगळे प्रोग्राम एकेकदा उघडून पाहावेत.

आपले दुखणे होते लॉकचे. त्या काळी मराठीच्या प्रोग्रामाबरोबर बोटाएवढी एक वस्तू मिळे. ती संगणकाला मागून लावल्याशिवाय प्रोग्राम उघडत नसे. चोरून प्रती काढू नयेत म्हणून ही तजवीज. आता त्या वस्तूची आणि संगणकाची बोलणी करून देणारा एक दुभाषा असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. आपला दुभाषा जुना, त्याला नव्या प्रणालीने आत घेतले नाही. लॉक जागच्या जागी लावलेले, तरी प्रोग्राम म्हणे लॉक नाही! चौकशी केली, पण या जुन्या लॉकसाठी नवा दुभाषा मिळाला नाही. यात मी कोणाला दोष देत नाही. वीस वर्षांपूर्वीची वस्तू, तिने आपली चाकरी केली.

मग आठवण झाली जुन्या संगणकाची. २०१० साली घेतलेला, विंडोज ७ चा, आपल्या एका सभासद काकूंच्या माळ्यावर जुन्या लुगड्यात गुंडाळून ठेवला होता. भंगारवाल्याने दोनदा मागितला, पण काकूंनी दिला नाही, याबद्दल त्यांचे आभार मानावेत तितके थोडेच. खाली काढून धूळ झाडली व सुरू केला, तर त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे गेलेले. आत नाण्याएवढा एक सेल असतो, तो संपला होता. नवा बसवला. लॉक लावले, प्रोग्राम उघडला, आणि पडद्यावर पहिली ओवी दिसली तेव्हा खोलीत कोणी बोलले नाही. त्या यंत्राला इंटरनेट मात्र जोडू दिले नाही. विंडोज ७ ची सुरक्षा १४ जानेवारी २०२० रोजीच संपली आहे.

परंतु काम इथे संपत नाही. रोज माळ्यावरून यंत्र उतरवून का ओव्या वाचायच्या? शिवाय तेही एक दिवस बंद पडणारच. म्हणून मजकूरच त्या कुलपातून कायमचा बाहेर काढायचा ठरवला. तो साध्या स्वरूपात साठवून नव्या संगणकावर नेला, तर सगळी इंग्रजी अक्षरे आणि वेड्यावाकड्या खुणा! पुष्कळजणींना वाटले, मजकूर बिघडला. तसे नव्हते. जुने मराठी प्रोग्राम आपली अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवीत. धोबी कपड्यांवर खुणा करतो, त्या त्याच्या त्यालाच कळतात, तद्वतच हे. त्या कंपनीचा फाँट असेल तर मराठी दिसते, नसेल तर कचरा. आणि प्रत्येक कंपनीच्या खुणा निराळ्या.

याला उतारा म्हणजे युनिकोड. जगातल्या लिप्यांतील प्रत्येक अक्षराला एकेक ठरलेला क्रमांक देण्याची ही पद्धत १९९१ साली आली, आणि आपली देवनागरी तिच्यात पहिल्या आवृत्तीपासून आहे. क या अक्षराचा क्रमांक २३२५. तो पुण्यातही तोच आणि परदेशातही तोच. आपण मोबाईलवर एकमेकींना मराठीत निरोप पाठवतो, ते यामुळेच सगळीकडे सारखे दिसतात. जुन्या खुणांचे युनिकोडमध्ये रूपांतर करून देणारे प्रोग्राम मिळतात. ज्या फाँटमध्ये मजकूर असेल त्याच फाँटसाठी असलेला रूपांतर-प्रोग्राम घ्यावा लागतो, एवढे लक्षात ठेवावे.

रूपांतर झाले, पण चुका राहिल्या. पहिली वेलांटी जुन्या पद्धतीत अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर येते. रफाराचे याच्या अगदी उलट. त्यामुळे वेलांट्या भलत्या अक्षरावर गेल्या, जोडाक्षरे फुटली. तेव्हा चार दुपारी आम्ही सहाजणी बसलो. एकीने जुन्या यंत्रावरून मोठ्याने वाचायचे, दुसरीने नव्या पडद्यावर पाहायचे, तिसरीने दुरुस्त करायचे. आत्याबाई डोळे मिटून ऐकत असत. एके ठिकाणी त्या म्हणाल्या, "ही अर्धीच आहे गं." पाहिले तर खरेच, ती ओवी उतरवतानाच दुसरी ओळ राहून गेली होती. आत्याबाईंनी ती म्हणून दाखवली. तीही आता लिहून झाली आहे. यंत्र बिघडले नसते तर ती ओळ कोणाच्याच लक्षात आली नसती, आणि आत्याबाईंबरोबरच गेली असती.

यावरून मला जे वाटते ते सांगते. मजकूर आपला असतो, प्रोग्राम दुसऱ्याचा असतो. दुसऱ्याच्या भांड्यात आपले धान्य ठेवावे लागते, त्याला इलाज नाही. पण ते हवे तेव्हा बाहेर काढता येईल ना, हे ठेवतानाच पाहावे. आपण घराला रंग काढायचा असला तर आधी देव्हारा हलवतो, काचेची भांडी उतरवतो. संगणकाची प्रणाली बदलतानाही तसेच करावे. कोणते प्रोग्राम रोज लागतात, ते नव्या प्रणालीवर चालतात काय, त्यांची लॉके, परवान्याचे क्रमांक, मूळ तबकड्या कुठे आहेत, हे कागदावर लिहून काढावे. सगळ्या फायलींच्या दोन प्रती कराव्यात व त्या दोन घरी ठेवाव्यात. नवे लिखाण युनिकोडमध्येच करावे. आणि जे अगदी जिवाभावाचे असेल, ते छापूनही ठेवावे.

हे काम एकट्या मंडळाचेच आहे असे नाही. तुमच्या घरीही जुन्या संगणकात दुकानाचा हिशेब असेल, मुलांच्या पत्रिका असतील, सासऱ्यांनी लिहून ठेवलेली वंशावळ असेल. या आठवड्यात एक दुपार काढून ते उघडते काय, एवढे पाहा. उघडले तर लगेच प्रत करून ठेवा. उघडले नाही तर घाबरू नका आणि काही पुसू नका. निरोप वहीत उतरवून घ्या व मंगळवारी दुपारी मंडळात या, आपण मिळून पाहू. जुना संगणक आता मंडळाच्या खोलीतच, स्वच्छ आच्छादन घालून ठेवला आहे.

ओव्यांची छापील प्रत आज बाहेरच्या टेबलावर आहे. जाताना जरूर चाळावी, आणि कोणाला आपल्या आजीची एखादी ओवी आठवत असेल तर मागच्या कोऱ्या पानांवर लिहावी. ती पाने त्यासाठीच ठेवली आहेत.